लाल दिवा आणि रबरी चप्पल

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत बसल्या होत्या.

"वहिनी, दादाची नवी गाडी घरी चार्ज होते का?"

"आता होते. आधी घरच्या प्लगला चार्जर लावला की लाल दिवा! तुमचे दादा गाडीवाल्यांवर नुसते खेकसत होते."

"मग?"

"इलेक्ट्रिशियन आला. म्हणाला, चार्जर धडधाकट आहे, तुमच्या घरालाच अर्थिंग नाही. म्हणून तो चालत नाहीये."

"अगं बाई! म्हणजे वॉशिंग मशीनचा तुम्हाला झटका बसायचा, तो..."

"खरा होता! रबरी चप्पल घालून कपडे धुते म्हणून इतकी वर्षं हसलात ना सगळे? म्हणे, भास होतात!"

"मीसुद्धा हसले हो."

"तुम्ही तर सगळ्यांत जास्त!"

"आणि आता?"

"आता घरभर अर्थिंग झालं. चार्जरला वेगळी जाड वायर, सोळा अँपियरचा सॉकेट, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. हिरवागार दिवा लागतो."

"मग ती चप्पल टाकून दिली असेल."

"टाकते कशाला? सॉकेटच्या वर खिळ्याला टांगलीय. तिचं दर्शन घेतल्याशिवाय तुमच्या दादांची गाडी चार्ज होत नाही."