गुहेतला राक्षस आणि आमचे सर

तुम्ही हसाल, पण आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागात नवे नवे कॉम्प्युटर क्लास निघाले होते ना, तेव्हा एकदा माझा जीव खरंच कंठाशी आला होता. गेम खेळताना सापडलं की नाव कटणार, हा आमच्या क्लासचा नियम. आणि माझं नाव कटलं असतं, तर बाबांनी देवासच्या स्थळाला लगेच होकार कळवला असता.

तरी माझ्या मैत्रिणीच्या, वंदनाच्या नादाने मी तो राक्षसांचा गेम लावला. त्यात पात्रं बोलायची आणि मधूनमधून काय घडतंय तेही इंग्रजीत लिहून यायचं. बटणं मी दाबायची, वंदना ते मराठीत सांगायची. सर हिंदीवाले, त्यांना वाटेल अभ्यासच चाललाय!

"गुहेत अंधार आहे," वंदना कुजबुजली. "राक्षस विचारतो, कोण आहे तिकडे?"

"अगं, टक्कल बघ त्याचं! अगदी आपले सर!"

"हळू बोल. तुझ्या मागे पावलं वाजतात."

"हे गेममध्येच लिहिलंय ना?"

वंदनाने घाईघाईने वही उघडली.

"राक्षस जवळ येऊन उभा राहतो," मागून आवाज आला. स्वच्छ मराठीत.

मी किंचाळून खुर्ची मागे ढकलली, ती सरांच्या पायावरच.

"सर, आपको मराठी...?"

"माँ ग्वालियर की मराठी हैं," सर पाय चोळत म्हणाले. मग वंदनाकडे वळले. "हं, पुढे वाच. राक्षस हिचं नाव कापतो की नाही?"

वंदनाने स्क्रीनकडे न बघताच वाचलं, "राक्षस फार दयाळू आहे."