बारावा आवाज

(सुनेच्या खोलीचं दार अर्धवट उघडं.)

सासूबाई : अगं, तुझा दमेकरी गेला!

सून : आई, शू! मीटिंग चालू आहे. साहेबांना माझा प्रोग्राम दाखवतेय. ठेवायचा की काढून टाकायचा, ते आज ठरणार आहे.

सासूबाई : ठरू दे की. पण दमेकरी गेला त्याचं काय?

साहेब : कोण गेलं?

सून : अरे देवा, माइक चालूच आहे! कुणी नाही सर. माझ्या सासूबाई आहेत.

सासूबाई : नमस्कार हो साहेब. ही जुन्या लॅपटॉपवर एक ओळ टाईप करते, की काळी खिडकी उघडते. तुमच्या लॅबची अकरा मशीनं आहेत त्यात. दर दोन सेकंदांनी प्रत्येकाला विचारायचं, ‘आहेस का?’ जे ‘आहे’ म्हणेल त्याची हिरवी रेघ उमटते आणि त्याचा आवाज वाजतो. तो लॅपटॉप माझ्या ओट्यावरच असतो. एक बेडूक आहे, एक सायकलची घंटी, एक दमेकरी. नावं मीच दिलीत.

साहेब : मी पोरखेळ म्हणतो तो हाच! अहो, इथे स्क्रीनवर अकराच्या अकरा रेघा हिरव्यागार दिसताहेत मला.

सासूबाई : दिसू देत. तो खोकत नाहीये.

साहेब : आमचा विकतचा अलार्मसुद्धा शांत आहे.

सून : सर… ती चालू स्क्रीन नाहीये. सकाळी काढलेला फोटो आहे.

साहेब : फोटो?

सून : तुमच्यासमोर नेमकी एखादी रेघ लाल झाली असती तर, म्हणून.

साहेब : धन्य आहे तुमची! आणि दमेकरी म्हणजे कुठलं मशीन?

सून : शीतकक्षाचं. रक्ताचे नमुने.

साहेब : बाप रे! थांबा, खाली फोन लावतो. मावशी, कधीपासून गप्प आहे?

सासूबाई : दूध तापत ठेवलं तेव्हा खोकत होता. उतू गेलं तेव्हा नव्हता.

साहेब : म्हणजे किती मिनिटं?

सासूबाई : गॅस मोठा होता. चार धरा.

साहेब : हॅलो, शीतकक्ष बघा जरा… काय? फरशी घासायच्या यंत्रासाठी प्लग काढला? लावा आधी तो! पळा!

सून : आई, श्वास सोडा.

सासूबाई : तू आधी सोड. गप्प बसा दोघंही… खर्र! ऐकलंत? आला! खोकला आला!

सून : आला, आई! सर, आला! नमुने वाचले!

साहेब : आणि आमचा अलार्म आत्ता वाजतोय!

सासूबाई : त्याला म्हणावं, झोप तू.

साहेब : हा हा! प्रोग्राम राहू दे हो. फक्त फोटो नका दाखवू पुन्हा.

सासूबाई : साहेब, एक विचारू? मशीनं अकरा, मग आवाज बारा कसे? ती बारीक किणकिण कुणाची?

साहेब : यादीत तर अकराच आहेत.

सून : सर, मी जरा नंतर फोन करते हं… झालं. कॉल बंद केला.

सासूबाई : लाजतेस काय? सांग की.

सून : तुमचा टॅबलेट आहे तो, आई. मी ऑफिसला जाते त्या दिवशी तिथे तो ऐकत असते, तुम्ही घरी ठीक आहात ना म्हणून.

सासूबाई : म्हणजे मी तो बंद केला, की पाच मिनिटांत तुझा फोन येतो तो…

सून : हो. राग आला? काढून टाकू?

सासूबाई : सगळ्यांना नावं दिली, त्या एकाला काही सुचलं नव्हतं बघ. राहू दे. वाजू दे तसाच.