खेळाच्या यंत्राची वही

आदरणीय अध्यक्ष दत्ताराम सावंत, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती श्रीपाद वालावलकर सर, कावेरीवहिनी, सहकारी शिक्षक, कसाल पंचक्रोशीतले पालक आणि विद्यार्थीहो,

मी सुनीती, शाळेत संस्कृत शिकवते. विज्ञानाच्या सरांना निरोप द्यायला संस्कृतच्या बाई कशाला, असं मागे कुणी पुटपुटलंच आहे. त्यांचं चुकलं नाही. पण मला आज बोलायलाच हवं.

चौऱ्याऐंशी साली आपला माजी विद्यार्थी सत्यवान बोटीवरून रजेवर आला आणि टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र शाळेला देऊन गेला. मुलं दोन दिवस खेळली. सरांनी मात्र त्याचं पोट तपासायला घेतलं. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, वाडीतल्या घरांक नंबर आसतत ना, तसेच हेच्या आत आसत. काय काय घरांत ठेवलेलो आकडो तसोच रवता, ती मेमरी. काय काय नंबरांक नुसती दारां, ते पोर्ट. थंय आकडो टाकलो की पडद्याचो रंग बदलता."

कुठल्या दारातून खेळायच्या दांड्याची, म्हणजे जॉयस्टिकची, हालचाल आत येते, कुठल्या दारातून आवाज बाहेर जातो, हे सोबतच्या पुस्तिकेत थोडंच लिहिलेलं होतं? सर स्वतः लिहिलेल्या आज्ञा कोऱ्या चिपमध्ये भरून आणायला फोंडाघाटातून कोल्हापूरला जायचे आणि ती चिप यंत्रात बसवून बघायचे. एका खेपेत दोन-तीन नंबर कळायचे, ते वहीत उतरायचे. वर्षभराचे रविवार त्यात गेले. पडद्यावर मोठा 'अ' उमटवायचा आणि हे यंत्र आपलंही ऐकतं हे मुलांना दाखवायचं, एवढाच हट्ट होता.

पंच्याऐंशीच्या दसऱ्याला, सरस्वतीपूजनाला जमलेल्या मुलांसमोर तो 'अ' दिसणार होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, प्रयोगशाळेतल्या साहित्याची पूजा करायची आपली पद्धत. पूजा दरवर्षी माझ्याकडे. सरांनी चिप बसवून यंत्र तयार ठेवलं होतं, वरची खाच उघडी होती. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी शिंपडलं. माझा हात पहिल्यापासून सैल. पाणी खाचेत गेलेलं मी पाहिलं. पदरानं वरवर पुसलं आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी बटण दाबलं. चट्‌ असा आवाज झाला, जळका वास आला. मुलं हिरमुसून घरी गेली. सर म्हणाले, "माझ्याच हातसून झाला, बाई. तार उलटी लागली आसतली." यंत्र उघडूनही न बघता त्यांनी ते कपाटात ठेवलं. कोल्हापूरच्या शिक्षकांपुढे बोलायचं आमंत्रण आलं होतं, तेही नाकारलं. आजपर्यंतची ही तीन वर्षं सरांनी फळा आणि खडू सोडून कशालाही हात लावला नाही. तुम्हा मुलांचे प्रयोग बंद पडले ते तेव्हापासून.

मी का बोलले नाही? पूजेनं यंत्र बिघडलं असं लोक म्हणतील, याची भीती वाटली. मग दिवस गेले, आणि बोलणं अधिकच अवघड होत गेलं. याची मला फार लाज वाटते.

काल ते कपाट आवरताना सरांची वही सापडली. शेवटच्या पानावर तांबड्या शाईत लिहिलंय, 'जोडणी चुकली. चूक माझी.' सर, तुमची जोडणी बरोबर होती. ती ओळ मी खोडली आहे आणि खाली खरं काय ते लिहून माझी सही केली आहे. ही वही तुमची.

सभेनं ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर ते आपण सर्वांनी पोटात घालावं. त्या नवमीचं मात्र सरांनी एकट्यानं ठरवायचं आहे, आणि ते आजच ठरवावं असा माझा आग्रह नाही.