पाना कट् म्हणेपर्यंत

सून : बघा, इंजिन परत बंद पडलं! रेस देतेय तोवर गुण्यागोविंदाने चालतं, पाय काढला की धडधडतं आणि मरतं.

सासरे : किती वेळ टिकलं?

सून : अकरा सेकंद. सकाळपेक्षा चार जास्त.

सासरे : वा! टाळ्या वाजवू का?

सून : थट्टा नको, बाबा. रिंगा बदलल्या, व्हॉल्व घासले, हेड बसवलं. एवढं मोठं काम पहिल्यांदा जवळजवळ एकटीने केलं आणि त्याची ही तऱ्हा. बेकरीवाल्या ताई चारला व्हॅन न्यायला येतील.

सासरे : आणि टाइल्सवाला पाचला. आपलं ठरलंय. व्हॅन धड चालली तर गॅरेज तुझं. नाही तर जागा त्याच्या दुकानाला द्यायची, आणि तू आपली जुनी नोकरी बघायचीस.

सून : आपलं नाही, तुमचं ठरलंय. मी नुसती मान डोलावली. तुमचे चिरंजीव तर म्हणाले, तुमच्या दोघांच्या मध्ये मला ओढू नका.

सासरे : तो पाळण्यात असल्यापासून असाच आहे. बरं, टायमिंग बघितलंस?

सून : तीनदा. खुणेला खूण लागते. प्लग काढून पाहिले, कॉइल आलटूनपालटून लावल्या, पेट्रोलचा दाब मोजला. माझ्या हातचं एकही काम परत तपासायचं ठेवलं नाही.

सासरे : मग हातच अजून कच्चा आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. गॅरेजातली सहा वर्षं म्हणजे काही फार नाहीत.

सून : वाटतंय वाईट. इथून जायचं नाहीये मला.

सासरे : मग इंजिनाकडे बघ.

सून : बाबा, हे वागणं हवा ओढल्यासारखं आहे. कुठल्यातरी सांध्यातून जास्तीची हवा आत शिरतेय. रेसमध्ये ते खपून जातं, पाय काढून आयडलला आलं की सगळं गणित बिघडतं.

सासरे : मग शोध की सांधा. तोंडाने सापडणार आहे का?

सून : पेडलवर वीट ठेवते, म्हणजे चालू राहील. हं. आता या इकडे. ऐका, शिट्टी वाजतेय! बारीक, सूऽऽ अशी.

सासरे : कसली शिट्टी? इंजिनाची घरघर आहे नुसती.

सून : ही रबरी नळी कानाला लावा. दुसरं टोक मी फिरवते. इथे? आता?

सासरे : घरघर. जागरणाने तुझ्याच डोक्यात वाजतेय शिट्टी.

सून : बरं, पाण्याचा फवारा मारून बघू. इथे काही नाही... इथे नाही... अरे! बघा, बघा, सरळ झालं. पाण्याने फट बुजली. आणि आता पाणी ओढून घेतलं की... हं, परत धडधड. सापडलं! मॅनिफोल्डचा कडेचा सांधा, इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा.

सासरे : मॅनिफोल्ड?

सून : तिथे मी तपासलंच नव्हतं, कारण ते...

सासरे : कारण ते मी बसवलं होतं.

सून : सांध्यातलं गॅस्केटच सदोष निघालं असेल. आजकाल माल कसा येतो, तुम्हाला माहीत आहे.

सासरे : माझी समजूत काढू नकोस. इंजिन बंद कर. काढ बोल्ट.

सून : निघेना हो! अंगातला सगळा जोर लावला. मधले दोन तर राक्षसाने आवळल्यासारखे आहेत. हा आला... हे बघा, गॅस्केट चिरलंय. मध्ये दाबलं गेलं आणि कडेला फट पडली.

सासरे : अगं, पण मी तू सांगितलंस तसंच केलं. हाताच्या अंदाजाने आवळू नका, प्लॅस्टिकचं आहे, टॉर्क पाना घ्या. ठरवलेला जोर आला की पाना कट् म्हणेल, तिथे थांबा. हेच ना?

सून : हो. मग म्हणाला का?

सासरे : कुठला म्हणतोय! मी वाट बघत ओढत राहिलो. पाना बिघडलाय तुझा.

सून : या. हा बोल्ट शिकंज्यात धरलाय. बघा हं, ओढते. झालं.

सासरे : काय झालं? ओढ की अजून.

सून : बाबा, दोनदा म्हणाला.

सासरे : परत कर.

सून : केलं.

सासरे : परत.

सून : केलं, बाबा.

सासरे : दोन वर्षं झाली. तुझं बोलणं येतं ऐकू, ट्रक येतो. बारीक काही येत नाही. चिमण्या नाहीत. कुकरची शिट्टी नाही.

सून : म्हणजे त्या दिवशी कुकर जळला तो तुमच्यामुळे! आणि आईंची बोलणी मी खाल्ली!

सासरे : तेव्हाही गप्प बसलो. पोरी, लोक माझ्या कानाच्या भरवशावर गाड्या सोडून जायचे. त्याच लोकांना कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून गॅरेज बंद करायचं मनात घेतलं. आणि खापर फोडलं तुझ्या हातावर. चुकलं माझं.

सून : राग आलाय मला. खूप. दोन दिवस मी स्वतःलाच शिव्या घालतेय.

सासरे : रागव. हक्क आहे तुझा.

सून : रात्री घरी रागवेन, आईंच्या समोर. आत्ता दीड वाजलाय. कपाटात एक जास्तीचं गॅस्केट आहे, नवे बोल्टही असतील. मॅनिफोल्ड वाकलंय का, ते पट्टी लावून तुम्ही बघा. नजर तुमचीच पक्की आहे.

सासरे : आणि आवळणार कोण?

सून : तुम्हीच. कट् मी म्हणेन.

(चारला दहा मिनिटं कमी. इंजिन चालू आहे.)

सून : पाच मिनिटं झाली. आरपीएमचा काटा जागचा हलत नाही.

सासरे : मी इंजिनावर पाण्याचा पेला ठेवलाय. थरथरतंय, पण थेंब सांडला नाही. शिट्टी?

सून : गेली.

सासरे : नक्की?

सून : नक्की. अहो, डोळे काय पुसताय?

सासरे : ऑइलचा हात लागला. बघ, दारात कोण आलंय.

टाइल्सवाला : नमस्कार काका! तासभर लवकरच आलो. टेप आणलाय, जागा मोजून घेतो.

सासरे : तुम्हाला उगाच हेलपाटा पडला हो. जागा द्यायची नाही आता.

टाइल्सवाला : असं कसं? तुम्हीच म्हणालात ना, गॅरेज बंद करतोय म्हणून?

सासरे : माझं बंद केलं. हे हिचं आहे.

टाइल्सवाला : मग तुम्ही काय करणार?

सासरे : मी आजपासून हिच्याकडे कामाला लागलोय.