तुळशीतली वायर

सकाळी बरोबर सव्वासातला सासूबाईंनी गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं आणि "आई गं!" करून तांब्याच सोडला. हाताला झिणझिण्या! शेजारच्या काकी म्हणाल्या, "देवीचा संचार झाला गो, हळदकुंकू आणा!" माझा जीव बाळापाशी, तो रांगत कुंडीकडेच निघालेला. त्याला उचललं तेव्हा दिसलं, डिशची हिरवी वायर कुंडीत खोचलेली! पळत जाऊन टीव्हीचा प्लग काढला आणि डिशवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "वहिनी, अर्थिंग मातीतच देतात. तिसऱ्या मजल्यावर दुसरी माती कुठाय?"

सासूबाईंनी फोन हिसकावला. "ये मेल्या, तुलाच कुंडीत पुरते!"

आता वायर खाली जमिनीत सळई ठोकून जोडलीय. तुम्हीपण आपापल्या कुंड्या बघा, आणि चाळीत सगळ्यांना सांगा.