डबीचं दान

जयवंती: ऊस तर मघाशीच आणून टाकलात. तो बघा, ओट्याला टेकून उभा हाय. मंग आता परत सदरा कशाला चढवलात?

नरहरी: आवळे-चिंचा नकोत आणायला? संध्याकाळी तुळशीचं लग्न, आणि मांडवात नुसता ऊस उभा करायचा?

जयवंती: ते झिपरू आणणार हाय. काल माझ्यासमोरच सांगितलंत त्याला.

नरहरी: हो का. मग देवळात जाऊन येतो जरा.

जयवंती: काकड्याहून आलात, पायांवरचं दव अजून वाळलं नाय. आता देवळात काय राहिलं?

नरहरी: राहिलं असं नाय काही.

जयवंती: डबी राहिली. सरळ सांगा ना. मी काय हात बांधून ठेवणार हाय तुमचे?

नरहरी: हे बघ, मी हौसेनं नाय चाललो. आधी ऐकून घे. आषाढात सप्त्याला भर कीर्तनात उभा राहिलो, तंबाखूची डबी देवापुढं ठेवली आणि म्हटलं, चातुर्मासभर हिला शिवणार नाय. शिवलो का?

जयवंती: नाय शिवलात.

नरहरी: काल एकादशी झाली, आज बारस. चातुर्मास संपला. आता उद्यापन नको? तू दरवर्षी वांगं सोडतेस. आज सकाळी शिध्यात वांगी दिलीस, आणि दुपारी भरीत करशील. सोडलेली वस्तू आधी दान द्यायची, मग तोंडाला लावायची. तेव्हा कुठं व्रत पुरं होतं. आपल्यात असंच चालत आलंय. मी मधेच सोडलं तर देव म्हणेल, नरहरीनं उभं राहायला टाळ्या घेतल्या आणि पुरं करायच्या वेळी तोंड फिरवलं.

जयवंती: वांग्यानं माझं तोंड बंद होत नव्हतं.

नरहरी: ते कोणत्याच भाजीनं व्हायचं नाय.

जयवंती: हसा. हसता तरी येतंय आता. आपल्या कीर्तीच्या लग्नात आठवतं काय झालं? व्याही घास भरवायला पुढं आले आणि तुमचे दात उघडेचनात. शेवटी लाडवाचा भुगा केला आणि चिमटीनं तोंडात सोडला, पाखराच्या पिलाला भरवतात तसा. सगळा मांडव हसला. मी तेवढी हसले नाय.

नरहरी: त्याच आठवड्यात तू मला पालघरला ओढत नेलंस.

जयवंती: डॉक्टरांनी बोटं उभी धरून मापलं. माणसाची तीन मावायला पाहिजेत, तुमची दीड. गालाच्या आत पांढरा डाग. काय म्हणाले ते तुम्ही जिना उतरेपर्यंत विसरलात, मी नाय विसरले. सोडली तर थोडं थोडं उघडेल, डागावर नजर ठेवू. परत धरली तर डाग कापायला या. कापायला, असंच म्हणाले.

नरहरी: उद्यापनापुरती एक चिमूट. नंतर नाय.

जयवंती: केदारचे बूट बघितलेत ना खुंटीला?

नरहरी: त्याचे बूट इथं कुठं आले?

जयवंती: बोईसरला कंपनीत पैज लागली होती. रोज पहाटे धावायचं, घामाचे फोटो टाकायचे. आपला केदार पहिला आला. नाव छापलेला टी-शर्ट मिळाला. तो टी-शर्ट घालून आता दहापर्यंत झोपतो, आणि बुटात पालीनं अंडी घातली. पैज होती तोवर पळत होता.

नरहरी: तोच मला फोन दाखवून शिकवतो. म्हणतो, बाबा, इतके दिवस सोडलंत, आता न खायचीच सवय लागली असणार, असं मोबाइलमध्ये लिहिलंय. म्हटलं, मोबाइलला सांग, माझ्या अंगठ्याला एकदा कळव.

जयवंती: अंगठ्याचं मला माहीत हाय. झोपेत पण डावा तळहात चोळता. मी हात धरून ठेवते.

नरहरी: तू धरतेस?

जयवंती: मंग काय पाल धरते?

नरहरी: मला वाटायचं स्वप्न पडतं.

जयवंती: अवो, तुम्हाला दोन गोष्टी सांगू का? मोरीमागच्या भिंतीला दिवाळीत चुना लावला. तुम्ही दर वर्षी लावता, आणि चार दिवसांत तुमच्याच पिचकाऱ्यांनी पेरूच्या झाडाखाली ती तांबडी होते. औंदा अजून पांढरी हाय. मी भांडी घासायला बसते, तेव्हा नुसती तिच्याकडं बघत बसते. आणि दुसरी, काकड्याची. मला गुडघ्यामुळं पहाटे येता येत नाय. पण मी जागी असते. तुम्ही चिंचेच्या वळणावरून गात येता ते अंथरुणात ऐकू येतं. मागची कितीक वर्षं तुम्ही मंडळात नुसता टाळ वाजवत होता, ओठ मिटून. बुवा चाल वर न्यायचे आणि तुम्ही खाली बघायचे. औंदा तुमचा आवाज वर जातो. पुरा जात नाय, पण जातो. लग्न होऊन आले तेव्हा असाच होता. मला वाटलं होतं, गेला तो.

नरहरी: हे तू बोलली नाय कधी.

जयवंती: बोलले असते तर तुम्ही अजून मोठ्यानं गायला असता. शेजार उठला असता.

नरहरी: जयवंती, खरं सांगू? उद्यापनाचं मी पुढं करतोय, ते मला पण कळतं. मला उद्याची भीती वाटते.

जयवंती: उद्याची कसली?

नरहरी: त्या दिवशी मी वांगंच सोडायचं ठरवून गेलो होतो. पण बुवांनी निरूपणात धरलं. म्हणाले, वांगी देवाकडं पुष्कळ झाली. ज्याच्यावाचून हात रिकामा वाटेल, ते द्या. आणि माझा हात खिशात डबीवरच होता. उभा राहिलो, तो बुवांच्या शब्दानं. चातुर्मास काढला, तो देवाच्या नावावर. जीव कासावीस झाला की म्हणायचो, देवाला शब्द दिलाय. आज तो शब्द संपला. उद्यापासून कोणाच्या नावावर काढू? माझ्या नावावर मला एक दुपार निघायची नाय. मी ओळखतो मला.

जयवंती: दुपारच का?

नरहरी: पानमळ्यात वेली बांधून झाल्या की मी आणि झिपरू बांधावर बसायचो. एक दिवस तो मळायचा, एक दिवस मी. मळलेली तंबाखू कोणी एकटा खातो का? आधी चिमूट पुढं धरायची, समोरच्यानं उचलली की मग आपली. बोलणं असं काही नाय. पण तो बांध आता ओकाबोका वाटतो. डबी देवळात ठेवली तसा झिपरू पण बांधाच्या पलीकडं जाऊन बसतो. माझं व्रत मोडू नये म्हणून पाठ करून खातो बिचारा.

जयवंती: बोलावल्यासारखा आला बघा.

(झिपरू अंगणात सायकल लावतो. कॅरिअरला आवळ्या-चिंचांच्या डहाळ्या, हातात छोटं पुडकं.)

झिपरू: वयनी, ह्या डहाळ्या. बोरं पण हायत खाली. आन दादा, ही तुमची.

नरहरी: काय आहे?

झिपरू: डबी. देवळावरून येत होतो, गुरवानं हाक मारली. बोलला, दादाचं व्रत आज सुटलं, घेऊन जा. फडक्यात बांधून दिली, वर बुक्का लावलाय.

जयवंती: घ्या. तुम्ही जायच्या आधी देवानंच धाडली.

नरहरी: मी मागितली नव्हती.

जयवंती: बुवाच सांगत होते ना? देवाकडं ठेवलेलं मागायला गेलं तर देव अडवत नाय, तो काय सावकार हाय? तो देऊन टाकतो. घ्यायचं का नाय, ते आपलं.

नरहरी: तू स्वयंपाकघरात राहून निरूपण बरं ध्यानात ठेवतेस. झिपरू, बस. आधी दान, मग बाकीचं. तुझ्याइतका हक्काचा माणूस कोण मला? हात पुढं कर. ही डबी तुला दिली.

झिपरू: मला नको, दादा.

नरहरी: अरे, दान आहे. नाय म्हणू नये.

झिपरू: मी खात नाय.

नरहरी: काय खात नाय?

झिपरू: तंबाखू. सोडली.

नरहरी: कधी? आणि ते बांधापलीकडं जाऊन रोज काय करतोस?

झिपरू: बसतो. पयले दिवस खायाला गेलो, खरंय. मळली. मळून हात पुढं केला. समोर कोण नाय. हात तसाच. मंग स्वतःच खाल्ली, पण चव नाय लागली. दुसऱ्या दिवशी पण तसंच. मंग बोललो, जाऊ दे.

जयवंती: आणि आम्हाला कोणाला सांगितलं नाय?

झिपरू: सांगाया काय, वयनी? दादाचं देवाचं व्रत. हार घातला, टाळ्या वाजल्या. माझं कसलं काय नाय. आन सांगितलं आसतं, मंग परत खाल्ली आसती, तर बायकोनं, भागीनं, घरात घेतला नसता.

नरहरी: मग पलीकडं बसायचं कशाला? इकडं यायचं ना.

झिपरू: तुमी रिकामा हात चोळत बसायचे. ते बघवत नव्हतं.

नरहरी: झिपरू, मला एक सांग. मी देवाच्या नावावर काढले इतके दिवस. तू कोणाच्या नावावर काढलेस?

झिपरू: नावावर कसलं, दादा. नातीन हाय ना, भावना. ती मांडीवर येत नव्हती. नाक धरायची, बोलायची आजा घाण. आता येते. झोपते पण. काल झोपली, तर माझा पाय मेला, तरी उठलो नाय.

नरहरी: बस एवढंच?

झिपरू: रोजचं रोज येते ती. मंग रोजच नाय खायाची.

जयवंती: ऐकलंत?

नरहरी: ऐकलं. पण माझी अडचण तशीच राहिली. दान कोणाला देऊ? चिंतूला देऊ का? भजनात पखवाज वाजवतो, दिवसभर तोंड भरलेलं असतं त्याचं. आनंदानं घेईल.

जयवंती: द्या की. मंग त्याची नलू आपल्या दारात येऊन जे बोलेल, ते तुम्ही ऐकून घ्या. मी आत जाते.

नरहरी: नको. मागच्या महिन्यात तिनं देवळात माझे पाय धरले. म्हणाली, भावजी, तुमच्यासारखी बुद्धी आमच्या माणसाला होऊ दे. त्यालाच कशी देऊ? मग तो बेटेगावचा जितेश, तुझा भाचा.

जयवंती: माझ्या भावाचा पोर तो. बघा हं.

झिपरू: दादा, वेलींवर माव्याची कीड पडलीय. पाण्यात उकळून फवारली तर? माव्याला दान.

नरहरी: माव्याला दिली तरी दिलीच ना रे. दान झालं की उद्यापन झालं, आणि उद्यापन झालं की चिमूट आली.

जयवंती: थांबा. तुमच्याच तोंडानं सांगा. सोडलेली वस्तू दान दिल्याशिवाय व्रत सुटत नाय. बरोबर?

नरहरी: बरोबर.

जयवंती: आता डोळे मिटा. सगळं शिरगाव फिरा, किल्ल्यापासून समुद्रापर्यंत. एक माणूस काढा, ज्याच्या हातावर ही ठेवलीत तर तुमच्या मनाला लागणार नाय. भांडण असलेला पण चालेल.

नरहरी: भांडण असलेला?

जयवंती: चालेल. घ्या वेळ. मी तोवर वृंदावनाला गेरू लावते.

झिपरू: वयनी, गेरू मी लावतो, तुमचा गुडघा.

जयवंती: तू तिथंच बस. त्यांना सोबत लागते.

नरहरी: नाय सापडत गं.

जयवंती: परत फिरा.

नरहरी: कुंपणावरून कोर्टात नेलं त्या माणसाच्या दारापर्यंत जाऊन आलो. त्याला पण लहान नातवंडं आहेत.

जयवंती: मंग दान होत नाय.

नरहरी: नाय होत.

जयवंती: मंग व्रत?

नरहरी: असं अधांतरी ठेवायचं? देवाला चालेल?

जयवंती: कोणाच्या हातावर वीख ठेववेना, म्हणून उद्यापन राहिलं, असं त्याला सांगा. तो रागवला तर माझं नाव सांगा.

नरहरी: म्हणजे शब्द अजून चालूच.

जयवंती: चालूच. घेणारा मिळेपर्यंत.

नरहरी: आणि मिळालाच कोणी?

जयवंती: तेव्हाचं तेव्हा. आज उचला ती, आणि जिथली तिथं ठेवून या.

नरहरी: तू ने. माझ्या हातात वाटेवर दहा वेळा उघडेल ती.

जयवंती: मी नाय. तुम्ही दोघं जा. एकट्यानं खायची नसते म्हणालात ना मघाशी? मंग एकट्यानं ठेवायची पण नसते.

झिपरू: चला दादा. मी सायकल चालवतो, तुमी मागं बसा. मंग तुमच्या हातात नाय आन माझा हात हँडलवर.

नरहरी: मग डबी कुठं राहील?

झिपरू: तुमच्या-माझ्या मधी.

नरहरी: पुनवेला काकडा संपतो, जयवंती. मग पहाटे कोण उठवणार मला?

जयवंती: मी. उठायचं, देवळात जायचं, डबी जागेवर हाय का ते बघून यायचं. हाय म्हणालात की चहा.

नरहरी: रोज?

जयवंती: चहा रोजच पिता ना? आणि दुपारी बांधावर बसाल तेव्हा हा पलीकडं नाय बसणार. काय रे?

झिपरू: आवळे हायत. एक दिवस मी आनीन, एक दिवस दादा. पुढं हात करायला बरं.

नरहरी: चल मग. येतो गं. ऊन व्हायच्या आत परततो.

जयवंती: अवो.

नरहरी: आता काय?

जयवंती: गात जा. चिंचेच्या वळणापर्यंत ऐकू आलं, की मला कळतं तोंड रिकामं हाय.