दारवाल्याची चिठ्ठी

मांडव्याच्या जेट्टीवर, बोटीच्या रांगेत, प्रणयच्या लॅपटॉपवर कल्पिताताईंच्या होमस्टेची वेबसाइट दुरुस्त झाली. निदान झाली असं समजू.

“प्रणय, खोली बुक करायला आलेला पाहुणा साइटच्या दारातच गोल फिरतोय रे!”

“ताई, पुढचा सर्व्हर म्हणजे दारवाला. तो पाहुण्याचं https चं कुलूप दारातच काढून घेतो. आतली साइट म्हणते, कुलूप न्हाय, सुरक्षित वाटेनं परत या. की पाहुणा पुन्हा दारवाल्याकडं, पुन्हा तेच.”

“मग दारवाल्यानं चिठ्ठी द्यावी, ‘सुरक्षित आलाय’ म्हणून.”

“देतोच, साइटच ती मानत न्हवती. हे घे, आता साइट कुणाचीही चिठ्ठी मानेल.”

“कुणाचीही? माझ्या हळदीला दारात कुणी न्हवता, तर अख्खा गाव नवरीचा मामा म्हणून मटण जेवून गेला!”

“बरं, फक्त दारवाल्याचीच. झालं! बुकिंगपण आलं.”

“नाव?”

“‘नवरीचा मामा’.”

तरी समस्त मामांनी आपले मामापण दारवाल्यामार्फतच सादर करावे, ही नम्र विनंती.